घणाची लाज कसली?

अंग कमवायचं तर जिम लावलंच पाहिजे, ही आपल्या शहरांनी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत गिळलेली सर्वांत महागडी थाप आहे. पैशाने ती महाग आहेच, पण शरीराला त्याहून जास्त महाग पडली आहे. जिम लावणारे थोडे, वर्षाचे पैसे भरून नेमाने जाणारे त्याहून थोडे, आणि ‘परवडत नाही, जवळपास नाही, वेळ जमत नाही’ असं सांगून हातपाय न हलवणारे बाकी सगळे. या थापेने लोकांच्या हाती व्यायाम न करण्याची एक सोयीची सबब दिली आणि लोकांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

जून 2024 मध्ये ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये जगभरच्या शारीरिक निष्क्रियतेचा अभ्यास प्रसिद्ध झाला. 2022 साली भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते; बायकांमध्ये हे प्रमाण 57 टक्के आणि पुरुषांमध्ये 42 टक्के. चौकाचौकात काचेच्या भिंतींची जिम उभी राहिली, त्याच काळातले हे आकडे आहेत. जिम वाढली आणि माणसं बसली. ज्यांना अजूनही वाटतं की आणखी जिम उघडल्याने हा देश तंदुरुस्त होईल, त्यांनी हे आकडे पुन्हा वाचावेत.

मला इथे एका अवजाराची वकिली करायची आहे. लोहाराचा, पाथरवटाचा, रस्ता फोडणाऱ्या मजुराचा घण. तीन-चार किलोचं पोलादी डोकं, जवळजवळ तीन फुटी लाकडी दांडा, दांडा घट्ट बसावा म्हणून ठोकलेली पाचर. गावच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात तो भिंतीला टेकवून ठेवलेला असतो. बऱ्या जिमच्या महिन्या-दोन महिन्यांच्या फीमध्ये येतो आणि नीट वापरला तर जन्मभर पुरतो. सोबत ट्रकचा एक बाद टायर, जो पंक्चरवाल्याकडे धूळ खात पडलेला असतो. एवढ्या सामानावर, घरच्या घरी, आठवड्यातून तीन-चार दिवस दहा-पंधरा मिनिटं दिली तर खांदे, पाठ, पोट आणि हात असे तयार होतात की यंत्रावर बसून पाय झुलवणाऱ्याने पाहत राहावं. मी पन्नाशी ओलांडल्यावरही हेच करतो आणि माझ्या वयाच्या प्रत्येकाने ते करावं, असं मला मनापासून वाटतं.

‘चार किलो म्हणजे काय वजन झालं?’ असं जिममधली पोरं तोंड वाकडं करून विचारतात. त्यांना मी घण हातात देतो. दांड्याचं शेवटचं टोक एका मुठीत धरायचं, कोपर अंगाला चिकटवायचं आणि डोकं जमिनीवरून उचलून दांडा सरळ आडवा करायचा. आरशासमोर बारा-पंधरा किलोचं डंबेल उचलणाऱ्या पोरांचं मनगट इथे लटपटतं. डंबेलचं वजन मुठीतच असतं. घणाचं वजन मुठीपासून तीन फुटांवर. तरफेचा नियम शाळेत सगळे शिकलेले असतात. भारापासूनचं अंतर वाढलं की मनगटावरचा पीळ त्या पटीत वाढतो. मूठ दांड्यावर चार बोटं पुढे सरकवली की तोच घण हलका होतो आणि मागे घेतली की जड. डंबेलचा रचलेला ढिगारा विकत घेऊन जे साधायचं, त्यातलं बरंचसं इथे मूठ सरकवून साधतं.

मुठीची ताकद ही काही हौसेची गोष्ट नव्हे. 2015 साली ‘लॅन्सेट’मध्ये सतरा देशांतल्या जवळजवळ एक लाख चाळीस हजार माणसांचा अभ्यास आला होता, त्यात भारतही होता. मुठीची पकड दर पाच किलोंनी कमी भरली की मृत्यूचा धोका सुमारे 16 टक्क्यांनी जास्त, असा संबंध त्यात दिसला. पकड वाढवली की आयुष्य वाढतं, असं त्यातून सिद्ध होत नाही आणि तसं कुणी सांगू नये. पण पकड ही साऱ्या अंगातल्या ताकदीची खूण आहे, एवढं त्यातून नक्की कळतं. आता आपल्या जिममधली यंत्रं पाहा. गुबगुबीत मुठी, आखून दिलेला मार्ग, पाठीला गादी. पकड लागू नये, तोल सांभाळावा लागू नये, याचीच त्यांत काळजी घेतलेली. ज्या गोष्टींसाठी शरीर कमवायचं, त्याच वगळून बाकीचं शरीर तिथे कमवलं जातं.

घणाचा घाव नीट कसा बसतो, हे मला कुठल्या प्रशिक्षकाने शिकवलं नाही. आठवडे बाजाराच्या कडेला पाल टाकून बसलेल्या घिसाडी कुटुंबाकडे पाहून ते मला कळलं. पावसाळ्याच्या तोंडावर शेतकरी विळे, खुरपी, कुऱ्हाडी, वखराच्या पासा घेऊन त्यांच्याकडे येतात. पुरुष भात्याजवळ बसतो, लालबुंद लोखंड सांडशीत धरून ऐरणीवर ठेवतो आणि घण घालते त्याची बायको. अंगाने काटक, नऊवारीचा काचा मारलेला, पाय खांद्याएवढे फाकलेले. एक हात दांड्याच्या टोकाशी, दुसरा घणाच्या डोक्याजवळ. घण वर जाताना डोक्याजवळचा हात त्याला उचलतो. तो माथ्यावर पोचला की तोच हात दांड्यावरून सर्रकन खाली घसरतो आणि दुसऱ्या हाताला येऊन भिडतो. तिथून ती घण ढकलत नाही. त्याच्या वजनाला वाट करून देते, गुडघे किंचित मोडते, कंबर मागे नेते आणि शेवटच्या वीतभर अंतरात पोट आवळून त्याला खाली खेचते. घाव बसताक्षणी श्वास बाहेर. ऐरणीवरून उसळलेला घण ती पडू देत नाही; त्या उसळीवरच पुढचा घाव उचलते. नवरा लहान हातोडीने जिथे टकटक करतो, नेमक्या त्याच जागी तिचा घाव पडतो. लोखंड काळवंडेपर्यंत हे चालतं, मग ते पुन्हा भट्टीत जातं आणि तेवढा वेळ ती घणाच्या दांड्यावर हात टेकून उभी राहते. वीस-तीस सेकंद झपाट्याने काम, मग विसावा, मग पुन्हा काम. शहरातले प्रशिक्षक हातात घड्याळ धरून जे शिकवतात, ते ती लोखंडाच्या तापमानावर करते.

आणि तरीही त्या बाईच्या दंडावर मांस नाही. हे बघूनही न बघणाऱ्यांचा मला संताप येतो. ‘पूर्वीची माणसं कष्ट करायची, म्हणून ठणठणीत होती’ हे वाक्य सोफ्यावर बसून बोलणारे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. त्यांनी कधी दगडखाणीतल्या माणसाच्या खांद्याला हात लावून पाहिला आहे? ऐन चाळिशीत त्याचे सांधे झिजलेले असतात आणि दगडाच्या भुकटीने छातीत सिलिकोसिस घर करून बसलेला असतो. स्नायू कामाने नुसता थकतो. वाढतो तो नंतरच्या अन्नाने आणि झोपेने. घिसाडी बाईला दिवसभर घण आहे, पण पोटभर डाळ नाही, दूध नाही, आणि अंग दुखलं म्हणून थांबायची सोय नाही. कष्ट आणि व्यायाम यांत फरक आहे तो एवढाच: व्यायाम करणाऱ्याला खायला मिळतं, झोपायला मिळतं आणि थांबायचं कधी ते त्याच्या हातात असतं. तुमच्या-माझ्यापाशी या तिन्ही गोष्टी आहेत. त्या असूनही जो दहा मिनिटं अंग हलवत नाही, त्याने तिच्या ठणठणीतपणाच्या गोष्टी सांगू नयेत.

आमच्या इमारतीच्या मागे मातीची एक पट्टी आहे. तिथे मी टायर टाकला आणि घण चालवायला लागलो, तेव्हा पहिली तक्रार आवाजाची आली. ती रास्त होती. मी वेळ बदलली. दुसरी तक्रार मात्र सभेत आली आणि ती मला आजही झोंबते. ‘अहो, बिगाऱ्यासारखं हे काय चालवलंय? येणाराजाणारा बघतो.’ बोलणारे गृहस्थ सुशिक्षित, चांगल्या हुद्द्यावरचे. ते स्वतः ज्या जिममध्ये जातात, तिथे प्रशिक्षक त्यांच्याकडून टायर उलटवून घेतो, वाळूची पिशवी खांद्यावर वाहवून घेतो, आणि त्याचे ते महिन्याला हजारो रुपये मोजतात. तीच हालचाल एसीत केली की व्यायाम, आणि मातीत केली की मजुरी! त्यांना व्यायामाचं वावडं नव्हतं. वावडं होतं त्या अवजाराचं, कारण ते अवजार ज्यांच्या हातात असतं त्यांच्या शेजारी उभं राहिलेलं दिसायला ते तयार नव्हते. हा प्रश्न आरोग्याचा नाही, जातीचा आहे. घण, पहार, फावडं, कुदळ ही ‘त्यांची’ कामं, हे आपल्या हाडीमाशी इतकं भिनलं आहे की घरात ड्रिल मारायलाही आपण माणूस बोलावतो आणि मग वाढलेलं पोट कमी करायला दुसरा माणूस पगारी ठेवतो. अंगमेहनतीला कमी लेखणारा समाज दुबळाच राहणार; त्याला कुठलंही यंत्र वाचवू शकत नाही.

याच मातीत बलोपासनेची केवढी मोठी परंपरा होती, हे आठवलं की चीड आणखी वाढते. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 साली वैद्य बंधूंनी उभं केलं आणि 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्यांच्या पथकाने तिथे भारतीय व्यायामप्रकार करून दाखवले. बडोद्याच्या मजुमदारांनी व्यायामाचा दहा खंडांचा ज्ञानकोश मराठीत काढला. टिळकांनी कॉलेजात असताना एक वर्ष अभ्यास बाजूला ठेवून अंग कमावलं. मुद्गल तर इंग्रज लष्कराने आपल्याकडून उचलून नेले. 1904 च्या सेंट लुईस आणि 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये ते फिरवण्याची स्पर्धा झाली. आज तेच मुद्गल आणि तीच गदा परदेशी नावाने, परदेशी रंगात, चौपट किमतीला आपल्याला परत विकली जाते आणि आपण ती घेतो. महाराष्ट्र केसरीला चांदीची गदा देतात. ती खांद्यावर घेतलेल्या पैलवानाचे फोटो घराघरात बघितले जातात. त्या घरांतल्या किती पोरांना गदेचा एक फेरा पाठीमागून नीट काढता येईल? शाळेत खेळाचा तास गणिताच्या बाई मागून नेतात आणि पालक त्यांना धन्यवाद देतात.

सरकारने तर नुसते हात वर केले नाहीत. त्याने त्याहून वाईट केलं. शहरातल्या बागांमध्ये नगरसेवक निधीतून ‘ओपन जिम’ बसवली. पिवळ्या-निळ्या रंगाची, झुलणारी, फिरणारी यंत्रं आणि वर मोठ्या अक्षरांत निधी देणाऱ्याचं नाव. यातल्या बहुतेक यंत्रांवर वजन वाढवायची सोयच नसते. पहिल्या दिवशी जेवढा भार, तेवढाच वर्षभराने. स्नायू वाढायला भार वाढत गेला पाहिजे, ही व्यायामशास्त्रातली बाराखडी आहे आणि जनतेच्या पैशातून ती सर्रास डावलली गेली. त्याच पैशात प्रत्येक बागेत एक मातीचा हौदा, पाच टायर, वेगवेगळ्या वजनाचे दहा घण आणि शिकवायला तालमीतला एक जाणता माणूस ठेवता आला असता. पण त्यावर नाव कुठे रंगवायचं?

आता घणाच्या नावानेच दुकान मांडणाऱ्यांकडे वळतो. मोबाईलवर एक उघडा तरुण टायरवर धडाधडा घण आपटतो आणि सांगतो, रोज चार मिनिटं करा, महिन्यात असे व्हाल. ही शुद्ध लबाडी आहे. ‘चार मिनिटं’ हा आकडा जपानी शास्त्रज्ञ इझुमी ताबाता यांच्या 1996 च्या प्रयोगावरून उचललेला. वीस सेकंद जीव तोडून काम, दहा सेकंद विश्रांती, असे सात-आठ फेरे. तो प्रयोग सायकलच्या यंत्रावर झाला होता आणि त्यात दमसास मोजला होता. दंड किती वाढले, हा त्या प्रयोगाचा प्रश्नच नव्हता. दमासाठी चार मिनिटं कामाची आहेत. मांस चढवायला ती पुरत नाहीत.

घणाची मर्यादा मीच सांगतो, कारण विकणारा ती सांगणार नाही. वजन सावकाश खाली उतरवताना स्नायूवर जो ताण येतो, तो वाढीसाठी मोलाचा असतो. घाव घालताना आपण घण सोडून देतो, त्यामुळे तो ताण जवळजवळ येतच नाही. याचा फायदा असा की दुसऱ्या दिवशी अंग फारसं आंबत नाही. तोटा असा की नुसत्या घावांनी छाती आणि मांड्या भरत नाहीत. खांद्याचा मागचा भाग, पाठ, पोटाचे तिरके स्नायू, हाताचा कोपरापुढचा भाग आणि पकड, हे घणाचं राज्य. बाकीच्यासाठी आपल्या आजोबांनी तजवीज करून ठेवली आहे: जोर आणि बैठका. त्यांना एक पैसा लागत नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या स्टुअर्ट फिलिप्स यांच्या गटाने गेल्या दीड दशकात पुन्हापुन्हा दाखवलं आहे की हलकं वजनसुद्धा स्नायू अगदी थकेपर्यंत उचललं, तर तो जड वजनाइतकाच वाढतो. म्हणजे घरातला जोर हा जिममधल्या बाकड्यापेक्षा कमी प्रतीचा नाही. तो अर्धवट सोडला तर कमी प्रतीचा.

ताकदीच्या बाबतीत मात्र घणाला पुरावा मागायची गरज नाही. बॉब फिट्झसिमन्स हा न्यूझीलंडमध्ये लोहारकी करत वाढलेला मुष्टियोद्धा. वजन पंचाहत्तर किलोच्या आसपास, पाय काडीसारखे, खांदे मात्र लोहाराचे. 1897 साली त्याने आपल्याहून जड असलेल्या जिम कॉर्बेटला पाडून जगातलं हेवीवेट अजिंक्यपद घेतलं. आपल्या काळातला रशियाचा फेडर येमेलियानेंको, मिश्र मार्शल आर्टमधला सर्वकालीन थोर हेवीवेट, त्याच्या सरावातला घण आणि टायर जगाने पाहिला आहे. घण हे त्यांच्या यशाचं एकमेव कारण मुळीच नव्हतं. पण ज्याला कुठलंही यंत्र परवडलं असतं, अशा माणसाने ट्रकच्या टायरवर घाव घालणं पसंत केलं, ही गोष्ट आमच्या सभेतल्या त्या गृहस्थांनी ऐकावी.

करायचं कसं, ते आता सांगतो. पहिला घण तीन किलोचा घ्या, तरण्या पोराने फार तर चार. दहा किलोचा घण घेऊन येणारे आठवड्यात पाठ धरून बसतात. आघाताची ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते, पण वेग दुप्पट झाला की ती चौपट होते. म्हणून हलका घण वेगाने चालवणारा जड घण कसाबसा उचलणाऱ्याच्या पुढे असतो. आधी जागेवर खांदे, मनगटं आणि कंबर गरम करा. मग एका बाजूने दहा घाव, हात बदलून दुसऱ्या बाजूने दहा. उरलेल्या मिनिटात उभं राहून श्वास घ्या. पुढचं मिनिट लागलं की पुन्हा. सुरुवातीला असे पाच फेरे पुरेत, मग हळूहळू दहा. हात बदलायचा आळस करू नका. एकाच बाजूने घाव घालणाऱ्याची पाठ एका बाजूला ओढली जाते. कंबरेत वाकायचं ते कुल्ले मागे नेऊन. पाठीचा कणा कमान करून वाकलात तर तिथेच चूक झाली. घाव संपले की घण उभा धरून, तीन-चार सेकंद मोजत, एका बाजूला सावकाश झुकवत आडवा आणा आणि तितकाच सावकाश परत उभा करा. जो ताण घावात येत नाही, तो इथे मिळतो. चेहऱ्याच्या दिशेने मात्र तो कधीही झुकवू नका. शेवटी जोर आणि बैठका, आणखी दोनच निघतील इथपर्यंत. घावांची संख्या आधी वाढवा, मग विश्रांती कमी करा आणि सगळ्यात शेवटी घणाचं वजन वाढवा. वहीत लिहून ठेवा. वही नसेल तर भार वाढतो की नाही हे कळत नाही आणि माणूस वर्षभर त्याच जागी राहतो.

दर वेळी हातात घेण्याआधी पाचर तपासा. डोकं सैल झालेला घण म्हणजे सुटलेला तोफगोळा आहे. कारचा लहान टायर घेऊ नका, घण त्यावरून वेडावाकडा उसळतो. ट्रकचा टायर घ्या आणि त्याच्या पोटात माती भरा. डोळ्यांना चष्मा लावा, पायात बूट घाला आणि दहा पावलांत पोरंबाळं येऊ देऊ नका. पावसाळ्यात टायर उघड्यावर टाकून ठेवलात तर त्यात पाणी साचून डेंग्यूचे डास होतील आणि महापालिकेचा माणूस दंडाची पावती हातात देईल. ती पावती अगदी रास्त असेल. टायर झाका किंवा त्याला भोकं पाडा.

‘आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, खाली माती कुठली?’ हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. गच्चीवर किंवा घरात टायर ठोकायचा नाही. स्लॅबचं आणि खालच्यांच्या डोक्याचं वाटोळं होईल. पण घाव न घालताही घण फिरवता येतो. दोन किलोचा घण दोन्ही हातांनी छातीसमोर उभा धरा, एका खांद्यावरून पाठीमागे सोडा, दुसऱ्या खांद्यावरून पुढे आणा. गदेचा फेरा तो हाच. छताचा पंखा बघून उभे राहा. दहा उजवे, दहा डावे, आणि खांदे आठवडाभर बोलत राहतील. दीड खोलीच्या घरातसुद्धा एवढी जागा निघते. जिथे खरोखरच निघत नाही, तिथे जोर-बैठकांना लागणारी साडेपाच फूट जमीन तरी निघते.

खाण्याबद्दल दोन शब्द, कारण इथेही लूट चालली आहे. जिमच्या काउंटरवर भुकटीचे डबे मांडलेले असतात. 2024 साली आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या 36 प्रोटीन भुकट्या तपासण्यात आल्या. त्यांतल्या जवळपास 70 टक्के डब्यांवरची प्रथिनांची माहिती चुकीची निघाली. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांसाठी आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत अंग कमावण्यासाठी अशा भुकट्या टाळा, असं सांगितलं आहे. पण म्हणून आपल्या ताटाची तारीफ करायचं कारण नाही. शहरी शाकाहारी मराठी ताटात पोळी-भात उदंड आणि वरण पाण्यासारखं. स्नायू वाढवू पाहणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागे दिवसाला साधारण 1.6 ग्रॅमपर्यंत प्रथिनं उपयोगी पडतात. साठ किलोच्या माणसाला ती शंभर ग्रॅमच्या जवळ जातात. मूठभर शेंगदाणे, पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्या, दोन ग्लास दूध, दाट वरण, उसळ, आणि खात असाल तर तीन-चार अंडी, एवढ्यात मजल बरीच जवळ येते. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी हा हिशेब डॉक्टरांना विचारूनच करावा. बाकीच्यांनी वरण दाट करावं.

बायकांना हे सांगितलं की घरातलेच लोक हसतात. हसणाऱ्यांनी बाजाराच्या कडेची ती ऐरण बघून यावी. रजोनिवृत्तीनंतर हाडं झपाट्याने ठिसूळ होतात आणि भार उचलणं हा ती टिकवायचा एक खात्रीचा मार्ग आहे. आपल्याकडे मात्र पन्नाशीच्या बाईला ‘जपा, वजन उचलू नका’ असं सांगितलं जातं आणि सत्तरीत ती न्हाणीघरात पडून खुबा मोडून घेते. दोन किलोच्या घणाने सुरुवात करणाऱ्या बाईचे खांदे पुरुषासारखे होत नाहीत. तेवढे पुरुषांचेही सहजासहजी होत नाहीत. होईल ते एवढंच, की गॅसचा सिलिंडर सरकवायला तिला कुणाला हाक मारावी लागणार नाही.

उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, किंवा पाठीची नाहीतर खांद्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घणाला हात लावू नये. उरलेल्यांनी येत्या रविवारी हार्डवेअरच्या दुकानात जाऊन तीन किलोचा घण आणावा आणि सोमवारी सकाळी पहिले पाच फेरे मारावेत. त्यांच्याजवळ आता सबब उरलेली नाही.